फुटबॉलची सात घराणी

कबड्डी तुम्हा सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्या सुप्याकडे जुनी मंडळी तिला अजूनही हुतूतूच म्हणतात. पण पूर्वी हा हुतूतू एकच नव्हता. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई. ‘गामिनी’त एकदा बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. ‘अमर’ प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे. प्रतिपक्षाला फक्त गुण मिळे. चढाई तीच, दम तोच, पकडही तीच. एक नियम बदलला की खेळ निराळा. पुढे हे प्रकार एका नियमावलीत आले आणि आजची कबड्डी बहुतांशी संजीवनीच्या वाटेने चालते.

फुटबॉलच्या बाबतीत नेमके उलट घडले. एकाच मुळापासून निघालेले फाटे पुन्हा एकत्र आलेच नाहीत. आज जगात फुटबॉलची सात प्रमुख घराणी आहेत. आपण खेळतो तो असोसिएशन फुटबॉल, रग्बी युनियन, रग्बी लीग, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन आणि आयर्लंडचा गेलिक फुटबॉल. अमेरिकेतील मुलगा ‘मी फुटबॉल खेळतो’ म्हणाला तर त्याच्या डोळ्यांपुढे लंबगोल चेंडू आणि शिरस्त्राण असते. आपला फुटबॉल त्याच्या लेखी ‘सॉकर’!

ही घराणी वेगळी का झाली? इतिहास पाहिला तर फूट पडण्याच्या मुळाशी तीनच प्रश्न दिसतात. चेंडूला हात लावायचा की नाही? चेंडू घेतलेल्या गड्याला पाडल्यावर पुढे काय? आणि खेळाडूला पैसे द्यायचे की नाही? एकेक प्रश्न घेऊ.

हात लावायचा की नाही?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा होता. काही शाळांत चेंडू पायानेच पुढे न्यायचा, तर रग्बी गावच्या शाळेत तो हातात घेऊन पळता येई. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू उचलून धूम ठोकली आणि रग्बीचा जन्म झाला, अशी गोष्ट सांगतात. तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही. तरीही रग्बीच्या विश्वचषकाला त्याचेच नाव आहे.

निरनिराळ्या शाळांतून बाहेर पडलेले तरुण एकत्र खेळू लागले तेव्हा रोज वाद होऊ लागले. म्हणून २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. चेंडू घेऊन पळणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे, या दोन्ही गोष्टी नियमांतून वगळण्याचे ठरले. ब्लॅकहीथ क्लबला हे रुचले नाही. नडगीवरची लाथ गेली तर खेळातला मर्दपणा जाईल, असे म्हणून तो बाहेर पडला. पुढे १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. गंमत अशी की, या युनियनने नडगीवरची लाथ स्वतःच बंद करून टाकली! ज्या कारणावरून भांडण झाले ते कारण संपले. दोन घरे मात्र वेगळीच राहिली.

ऑस्ट्रेलियाने इंग्लंडची वाट पाहिली नव्हती. मेलबर्नच्या मंडळींनी १८५९ मध्येच आपले नियम लिहून काढले. त्यांचा खेळ क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर खेळला जातो. चेंडू घेऊन पळता येते, पण दर १५ मीटरला तो एकदा तरी जमिनीवर टेकवावा किंवा आपटावा लागतो. आयर्लंडमध्ये १८८४ साली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्या फुटबॉलमध्ये चेंडू गोल आहे, पण हातात घेता येतो. चार पावलांनंतर मात्र तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायावर उडवून पुन्हा हातात घ्यावा लागतो.

चेंडू लंबगोल का?

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. जुने चेंडू डुकराच्या मूत्राशयात हवा भरून, त्यावर चामडे शिवून करीत. त्यामुळे ते नीट गोल नसतच. १८६० च्या सुमारास रबरी फुगे आले आणि हवा तो आकार देता येऊ लागला. तेव्हा पायाने खेळणाऱ्यांनी गोल आकार निवडला व हाताने खेळणाऱ्यांनी लंबगोल. असे का?

गोल चेंडू जमिनीवर आपटला की जमिनीचा वर ढकलणारा रेटा नेहमी त्याच्या गुरुत्वमध्यातूनच जातो. चेंडू कोणत्याही बाजूने पडो, या रेट्यामुळे तो गरगरत नाही. (आधीच फिरत असलेल्या चेंडूला घर्षणामुळे वळण मिळते, ती गोष्ट वेगळी.) म्हणून त्याची उसळी आधी ओळखता येते आणि पायाने त्याच्यावर ताबा ठेवता येतो. लंबगोल चेंडू तिरका पडला तर हा रेटा गुरुत्वमध्याच्या बाजूने जातो आणि चेंडू उलटापालटा होतो. आपटण्याच्या कोनात थोडा फरक पडला तरी उसळीत मोठा फरक पडतो. पायाच्या खेळाला असा लहरी चेंडू नकोच.

हातात घेऊन पळायचे असेल तर मात्र लंबगोल चेंडू काखेत छान बसतो. फेकायचा असेल तर त्याचा आणखी एक फायदा आहे. लांबीच्या अक्षाभोवती गरगरा फिरवून फेकलेला चेंडू भोवऱ्याप्रमाणे आपल्या अक्षाची दिशा धरून ठेवतो आणि टोक पुढे करून हवा कापीत जातो. असोसिएशन फुटबॉलच्या चेंडूचा परीघ सुमारे ६९ सेंटिमीटर असतो. म्हणजे हवेला भिडणारे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस सेंटिमीटर झाले. अमेरिकन चेंडूचा मधला घेर सुमारे ५४ सेंटिमीटर. म्हणजे टोक पुढे असताना क्षेत्रफळ सुमारे २३० चौरस सेंटिमीटर. वजनात दोघांचा फरक थोडाच, पण हवेला भिडणारे क्षेत्र जवळजवळ तीन-पंचमांशच! त्यामुळे तो लांब आणि नेमका जातो.

पाडल्यावर पुढे काय?

हात लावू दिला की दुसरा प्रश्न उभा राहतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडले, मग चेंडू कोणाचा? रग्बी युनियनचे उत्तर आहे : पडलेल्याने चेंडू सोडावा आणि दोन्ही बाजूंनी त्यासाठी झुंजावे. रग्बी लीगमध्ये पडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. मात्र सहा वेळा पाडले गेल्यावर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो.

अमेरिकेत १८८० मध्ये वॉल्टर कँप यांच्या सूचनेवरून निराळी रीत आली. गडी पडला की खेळ थांबावा, दोन्ही संघांनी समोरासमोर ओळ धरावी आणि चेंडू ज्याचा होता त्यानेच पुन्हा सुरुवात करावी. पण यात एक पळवाट निघाली. १८८१ मध्ये प्रिन्स्टन व येल यांच्या सामन्यात प्रत्येक संघाने एकेक डावभर चेंडू नुसता धरून ठेवला! म्हणून दुसऱ्याच वर्षी नियम झाला : तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाही तर चेंडू सोडा. आज अमेरिकेत चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे ९ मीटर, जावे लागते. कॅनडात प्रयत्न तीनच मिळतात. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते, हे तुम्ही दूरदर्शन संचावर पाहिले असेलच. अडचण तीच आणि तोडगाही तोच.

हे घराणे जीवघेणेही ठरू लागले होते. १९०५ च्या हंगामात अमेरिकेत इतके खेळाडू दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. त्यामुळे एकाच जागी होणारी चेंगराचेंगरी कमी होऊन खेळ मैदानभर पसरला. फेकीला महत्त्व आले तसा चेंडूही पुढील काळात अधिक सडपातळ होत गेला. नियमाने चेंडूचा आकार बदलला तो असा.

पैसे द्यायचे की नाही?

तिसरा प्रश्न पोटाचा आहे. इंग्लंडमध्ये असोसिएशन फुटबॉलने १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. आता दर महिन्याला पगार द्यायचा, तर तिकिटांचे उत्पन्नही नियमित हवे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ घरी जातो. १२ संघ असतील तर सामने फक्त ११ होतात. उलट प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा, एकदा आपल्या व एकदा त्याच्या मैदानावर, खेळला तर १२ × ११ = १३२ सामने होतात. १८८८ मध्ये १२ क्लबांनी सुरू केलेली फुटबॉल लीग म्हणजे हेच गणित! १९९२ पासूनच्या प्रीमियर लीगमध्ये आज २० संघ आहेत; म्हणजे २० × १९ = ३८० सामने. साखळी पद्धत ही व्यावसायिक खेळाची चूल पेटती ठेवणारी युक्ती आहे.

रग्बीत याच प्रश्नावर घर फुटले. उत्तर इंग्लंडमधील खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. सामन्यासाठी शनिवारी कामावर गैरहजर राहिले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या धुरिणांनी ती नाकारली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. प्रेक्षकांना वेगवान खेळ दिसावा म्हणून १९०६ मध्ये त्यांनी संघातील खेळाडू १५ वरून १३ केले. रग्बी युनियनने पैशाला उघडपणे दार उघडले ते १९९५ मध्ये, तब्बल शंभर वर्षांनी.

अमेरिकेची नॅशनल फुटबॉल लीग १९२० मध्ये सुरू झाली. तिच्यात आज ३२ संघ आहेत. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये १८ संघ आहेत. गेलिक फुटबॉल मात्र अजूनही हौशी आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामन्याला ८० हजारांहून अधिक प्रेक्षक जमतात, पण खेळणारे सोमवारी आपापल्या शाळेत, कचेरीत वा शेतावर कामाला जातात.

आपल्याकडे काय रुजले?

इंग्रजांनी आपल्याकडे दोन्ही घराणी आणली. कलकत्त्यात १८७३ मध्ये रग्बीचा क्लब निघाला. पाच वर्षांत तो बंद पडला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते रुपये वितळवून एक चषक घडवला गेला. नागाच्या आकाराच्या मुठी असलेल्या या ‘कलकत्ता चषका’साठी इंग्लंड व स्कॉटलंड आजही खेळतात. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. तिच्यावर बरीच वर्षे गोऱ्या पलटणींचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा तो चषक जिंकणारा पहिला नागरी संघ ठरला.

व्यावसायिक साखळीचा आपला अनुभव संमिश्र आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, पण २०१० मध्ये हा संघ बंद झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. भारतात २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलचीही लीग काढण्यात आली होती आणि तिच्यात ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. पण ती रुजली नाही. उलट कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांच्या आणि तालमींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत, आणि शाहू स्टेडियम आजही भरते. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पैसा संघ उभा करतो, पण तो टिकवायला गाव लागते.

रग्बीही निपचित नाही. २०१९ मध्ये पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधरा जणींच्या रग्बीत आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. २०२५ मध्ये मुंबईत सात-सात खेळाडूंच्या रग्बीची सहा संघांची व्यावसायिक लीगही झाली.

तुमच्या मैदानासाठी कोणता नियम?

आमच्या सुप्यासारख्या जिरायती गावात शाळेचे मैदान मुरमाड आणि टणक असते. तिथे पाडापाडीचा खेळ खेळावा काय? हिशेब करू. ६० किलोग्रॅमचा मुलगा सेकंदाला ६ मीटर वेगाने पळतो आहे. त्याला ०.२ सेकंदात थांबवले तर सरासरी बल ६० × ६ ÷ ०.२ = १८०० न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे तिप्पट झाले. गवताखालची मऊ माती दबते व थांबायला थोडा अधिक वेळ देते. मुरूम दबत नाही. थांबण्याचा वेळ निम्मा झाला तर बल दुप्पट होते. तेव्हा अशा मैदानावर पाडापाडी नकोच.

मग हाताचा फुटबॉल खेळायचाच नाही का? खेळायचा, पण नियम बदलून! प्रत्येकाने कमरेला दोन रुमाल खोचावेत. चेंडू घेतलेल्याचा रुमाल ओढला की तो ‘पडला’ असे धरावे. हा पोरखेळ नव्हे. फ्लॅग फुटबॉल या नावाने असाच खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचे २०२३ मध्ये ठरले आहे.

शेवटी एक प्रयोग. अर्ध्या लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली झाकण लावून घ्या. ती एकदा नुसती फेका आणि एकदा लांबीच्या अक्षाभोवती फिरवून फेका. दोन्ही वेळा ती कुठवर गेली ते मोजा. मग तीच बाटली तिरकी धरून कमरेच्या उंचीवरून दहा वेळा सोडा आणि दर वेळी कोणत्या दिशेला उसळते ते मांडून ठेवा. रबरी चेंडूने हेच करून पाहा. एकाच मुळाचे हे खेळ गोल आणि लंबगोल चेंडूंमध्ये का विभागले गेले, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.