मत्राहचा बाजार

मस्कतमध्ये मान उंच करून बघावं असं फारसं काही नाही. घरं पांढरी आणि बुटकी, त्यांच्या पाठीशी उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि पुढ्यात ओमानचं आखात. आखातात जायचं ते मनोरे बघायला, असा हिशेब करून निघणारी मंडळी म्हणूनच ओमानच्या या राजधानीला वगळतात. खरं तर मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत येणारं हे शहर आजी-आजोबांना आणि नातवंडांना सारखंच झेपतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण दिवाळीपासून मार्चपर्यंतचे दिवस हिंडायला छान असतात. त्यातही मत्राह हे जुनं बंदर निवांत बघावं. तिथल्या बाजारातल्या कितीतरी गोष्टींचं दुसरं टोक आपल्या किनाऱ्यावर सापडतं.

सकाळ मासळीबाजाराची

मत्राहची सुरुवात मासळीबाजारापासून करावी. समुद्राला लागून असलेली ही नवी मंडई २०१७ मध्ये खुली झाली. आराखडा नॉर्वेच्या स्नोहेट्टा या संस्थेचा, वर पट्ट्यापट्ट्यांचं वळणदार छत, त्यातून झिरपणारं ऊन आणि खाली ट्यूना, माकूल, कोळंबी. ओमानी लोक ज्याला ‘कनअद’ म्हणतात, ती आपली सुरमईच. तिची मासेमारी इथे दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंद असते. आपल्याकडची पावसाळी बंदी यांत्रिक होड्यांच्या साऱ्याच मासेमारीला लागू होते. ही मात्र एकट्या सुरमईसाठी, तिची वीण वाढावी म्हणून. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास गेलात, तर बंदी उठल्यावरची सुरमई फळ्यांवर असते.

दुसरी एखादी सकाळ सुलतान काबूस मशिदीसाठी ठेवावी. २००१ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीत बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ प्रवेश असतो. बायकांनी केस, हात आणि पाय झाकलेले हवेत, पुरुषांनी लांब पँट घालावी. मुख्य दालनातला इराणी गालिचा सुमारे ७० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि २१ टन वजनाचा आहे. ६०० विणकर स्त्रियांना तो पुरा करायला चार वर्षं लागली. बांधकामाचा तीन लाख टन वालुकाश्म मात्र भारतातून गेला.

संध्याकाळ अंधाऱ्या बाजाराची

दुपारी सूक, म्हणजे बाजार, झोपलेला असतो. साधारण १ ते ४ दुकानं बंद, शुक्रवारी तर सकाळीही शुकशुकाट. तेव्हा जेवून, मुलांना झोपवून संध्याकाळीच निघावं. या बाजाराचं जुनं नाव ‘सूक अल् धलाम’, म्हणजे अंधारा बाजार. खजुरीच्या झावळ्यांनी झाकलेल्या अरुंद बोळांत पूर्वी दिवसाही कंदील लागायचा. आता वर लाकडी छत आणि विजेचे दिवे आहेत, पण बोळ तेवढेच अरुंद. चुकलं तरी घाबरायचं कारण नाही, उताराने चालत राहिलं की समुद्र येतो.

बाजार डोळ्यांआधी नाकाला कळतो, तो लुबानामुळे. लुबान हा झाडाचा डिंक. मस्कतपासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या धोफार प्रांतात, पावसाळी ढग अडवणाऱ्या डोंगरांपलीकडच्या कोरड्या जमिनीवर ही झाडं वाढतात. सालीवर चरे पाडले की दुधासारखा चीक ओघळतो आणि काही दिवसांत वाळून त्याचे खडे होतात. खडा जितका पारदर्शक आणि हिरवट-पांढरा, तितका भारी. यातला ‘होजारी’ सर्वांत महाग. दुकानदार निखाऱ्यावर एखादा खडा टाकून दाखवतो. वास घेतल्याशिवाय घेऊ नये.

खंजीर बघावा तो चांदीच्या गल्लीत. इंग्रजी ‘जे’सारखं वाकडं म्यान आणि त्यावर चांदीच्या तारेचं काम. ओमानच्या झेंड्यावरही तो आहे. जुने कारागीर १७८० सालची छाप असलेली मारिया थेरेसा ही ऑस्ट्रियन नाणी वितळवून त्याची चांदी वापरत. मात्र काचेच्या कपाटातला प्रत्येक खंजीर ओमानी हातांचा असेलच असं नाही. स्वस्तातला बराच माल बाहेरून येतो. घेतलाच तर विमानात तो सामानाच्या बॅगेत टाकावा, हातातल्या नव्हे. त्यापेक्षा ‘कुम्मा’ ही भरतकामाची गोल टोपी मुलांना अधिक आवडते. हाताने भरलेली कुम्मा महाग, यंत्रावरची स्वस्त. घासाघीस इथे चालते, तीही हिंदीतून, कारण गल्ल्यावर बहुधा बांगलादेशी, मलयाळी नाहीतर गुजराती माणूस असतो.

समोरासमोरचे किनारे

बाजारापासून सागरी रस्त्याने तीनेक किलोमीटरवर जुनं मस्कत आहे. १९७० पर्यंत त्याची वेस सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद होई आणि रात्री हिंडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. अल् आलम राजवाड्याच्या दोन बाजूंना मिरानी आणि जलाली हे किल्ले उभे आहेत. १५०७ मध्ये मस्कत घेतलेल्या पोर्तुगीजांनी ते १५८०च्या दशकात बांधले, तेव्हा इथला कारभार गोव्याच्या हुकमतीखाली होता. १६५० मध्ये ओमानींनी त्यांना हुसकावलं आणि मग त्यांच्या मागावर थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १६६८ मध्ये दीव आणि १६७४ मध्ये वसई त्यांनी लुटली.

पुढे संबंध व्यापाराचे झाले. सुलतान सईद बिन सुलतान यांनी ‘लिव्हरपूल’ ही ७४ तोफांची युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधून घेतली. १८२६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १८३६ मध्ये त्यांनी ती इंग्लंडच्या राजाला भेट दिली. कच्छी भाटियांच्या पेढ्या मत्राहात रुजल्या, त्यांतली खिमजी रामदास १८७० पासूनची. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या, त्या ओमानात १९७० पर्यंत चालल्या. गादी सोडलेले सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९६५ मध्ये अखेरचा श्वास घेतला, तो मुंबईत.

एवढं ठाऊक असलं की मुलांना बाजारात एक काम देता येतं. प्रत्येकाने पाच वस्तू निवडायच्या आणि दुकानदाराला विचारायचं, ही कुठून आली? लुबान धोफारचा, गुलाबपाणी जबल अख्दर डोंगरावरचं, शाल काश्मीरची, वेलची केरळची नाहीतर ग्वाटेमालाची. लवंग झांझिबारची निघाली, तर त्या बेटावर एकेकाळी ओमानच्याच सुलतानांचं राज्य होतं आणि लवंगांच्या बागा त्यांच्याच अमलात वाढल्या, हेही सांगावं. रात्री हॉटेलवर ही गावं कागदावर मांडून रेघांनी जोडली, की मुलांच्या हाती अरबी समुद्राच्या व्यापाराचा नकाशा येतो. शाळेच्या पुस्तकात हा धडा अर्ध्या पानात संपतो.