उजेड-अंधाराच्या पायऱ्या

छायाचित्र या शब्दात छाया आधी येते आणि चित्र मागाहून. तरीही फोटो पाहताना आपले लक्ष चेहऱ्याकडे आणि रंगाकडे जाते. त्यातील उजेड-अंधाराच्या पायऱ्या सहसा ध्यानात येत नाहीत. या पायऱ्यांनाच छटा अथवा टोन म्हणतात. संगणकावर त्या कशा जुळवतात, ते येथे थोडक्यात पाहू.

डिजिटल फोटो पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकाला ० ते २५५ यांपैकी एकेक आकडा मिळतो. तिन्ही ० असले की गडद काळे, तिन्ही २५५ असले की पांढरेशुभ्र. कोणत्या छटेचे किती ठिपके आहेत हे दाखविणाऱ्या आलेखाला हिस्टोग्राम म्हणतात. त्याच्या डावीकडे अंधार असतो, उजवीकडे उजेड.

धुक्यातल्या डोंगराचा फोटो घ्या. समजा, त्याचा आलेख ५० ते २०० एवढ्यातच गोळा झाला आहे. म्हणजे फोटोत खरे काळे नाही आणि खरे पांढरेही नाही. म्हणून तो मळकट दिसतो. ‘लेव्हल्स’ या साधनात काळी खूण ५० वर आणि पांढरी २०० वर आणली, की ५० चा ० होतो, २०० चा २५५ होतो आणि मधले आकडे त्याच प्रमाणात ताणले जातात. मधली खूण गॅमाची. ती १.०० पेक्षा वाढवली, तर दोन्ही टोके जागच्या जागी राहून मधल्या छटा उजळतात. ‘कर्व्हज’मध्ये हेच काम एका तिरक्या रेषेवर होते, हवी तेवढीच छटा पकडून वर-खाली करता येते.

मात्र यालाही मर्यादा आहे. १५१ पायऱ्या २५६ जागांवर पसरल्या की मध्ये फटी पडतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. जो भाग २५५ वर जाऊन सपाट पांढरा झाला, त्यातला तपशील कोणत्याही साधनाने परत येत नाही. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्यांची सोय असते, म्हणून जाणकार ती पसंत करतात.

ही कला संगणकाने जन्माला घातलेली नाही. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या चंद्रोदयाच्या प्रती पुढे अनेक वर्षे काढल्या. नंतरच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. निगेटिव्ह एकच, छटा मात्र निराळ्या. तेव्हा हे काम अंधारखोलीत होई. १९९० साली फोटोशॉप आले, १९९६ साली गिम्प आले. गिम्प विनामूल्य आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांनाही शिकता येते.

आता मुख्य मुद्दा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापक साधारणपणे समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे धरून चालते. पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा राहिला, की भिंत करडी होते आणि चेहरा काळोखात जातो. पूर्वी कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना जी कार्डे देई, त्यांवर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. सावळ्या कातडीचा हिशेब मुळात धरलाच गेला नव्हता.

आमच्या आजीचा मोबाइलवर काढलेला एकच फोटो आहे, चुन्याच्या भिंतीपुढचा. फोटो मोठा करून घेताना विचारणा झाली, “गोरा करून देऊ का?” पांढरी खूण ओढून तसे करता आले असते, पण मग भिंतीबरोबर कपाळावरचे गोंदणही धुऊन गेले असते. गॅमा थोडा वाढवून काळी खूण तशीच ठेवली, तेव्हा सुरकुत्या दिसल्या, गोंदण दिसले, आणि आजी सावळीच राहिली.

मित्रहो, उजळ करणे आणि गोरे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत अंधारात राहिलेला माणूस दिसू लागतो. दुसरीत तो पुसला जातो. खूण सरकविण्यापूर्वी आपण यांपैकी काय करीत आहोत, एवढे स्वतःला विचारावे.