विकासपत्र दुप्पट झालं, पुढे काय?



बंदीच्या दिवसांत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर किनाऱ्याला असतात. इंजिनाचं काम, जाळी, रंग, सगळा खर्च त्याच वेळी निघतो. मग कोणी दागिने गहाण ठेवतं, कोणी व्यापाऱ्याकडून उचल घेतं. आणि त्याच घरातल्या कपाटात मुदत संपलेलं किसान विकासपत्र पडून असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "असू दे, वाढतंय."

ते वाढत नाही. पत्र एकदाच दुप्पट होतं. दुप्पट झालं की त्याचा व्याजदर तिथेच थांबतो. चौपट होण्याची वाट बघू नका, आणि पोस्ट आपणहून नवीन पत्रही काढत नाही. मुदतीनंतर मिळालं तर फार तर बचत खात्याच्या दराने.

गोंधळ होतो तो मुदतीचा. विकासपत्राची मुदत सगळ्यांना सारखी नसते. ज्या दिवशी घेतलं त्या दिवशीचा नियम त्या पत्राला शेवटपर्यंत लागू राहतो. नोव्हेंबर २०१४ ला योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा १०० महिने होते. २०१८ च्या सुरुवातीला ११८ झाले, एप्रिल २०२० पासून १२४, एप्रिल २०२३ पासून ११५. त्यामुळे शेजाऱ्याची तारीख आपल्याला लावू नका.

हिशोब बघा. १० जानेवारी २०१५ ला एक लाखाचं पत्र घेतलं. १०० महिने म्हणजे ८ वर्षं ४ महिने. १० मे २०२३ ला दोन लाख झाले. ते तेव्हाच काढून ७.५ टक्क्यांच्या नव्या पत्रात घातले असते तर पहिल्याच वर्षी १५ हजारांच्या आसपास वाढले असते. जाळ्याच्या दुरुस्तीला तेवढे हातभार लावतात.

राष्ट्रीय बचतपत्राचं सोपं आहे, पाच वर्षं. ७.७ टक्क्यांच्या काळात घेतलेल्या १० हजारांचे १४,४९० होतात, आणि संपलं.

बँकेतून घेतलेले रिझर्व्ह बँकेचे बचत रोखे वेगळे. जानेवारी २०१८ ते मे २०२० मध्ये विकलेले ७.७५ टक्क्यांचे रोखे सात वर्षांचे, म्हणजे जानेवारी २०२५ पासून ते एकेक करून संपत आलेत. मुदतीनंतर त्यांच्यावर एक पैसाही व्याज नाही. रक्कम नोंदवलेल्या बँक खात्यात जाते. ते खातं तुम्ही मधेच बंद केलं असेल तर आधी बँकेत जाऊन नवीन खातं नोंदवा.

पोस्टाचा आणखी एक नियम २०२५ मध्ये आला. मुदत संपून तीन वर्षं झाली आणि पैसे काढले नाहीत, तर खातं गोठवतात. ही फेरी वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून. पैसे बुडत नाहीत, पण सोडवायला पासबुक किंवा मूळ पत्र, ओळखपत्रं, बँक खात्याचा पुरावा घेऊन पोस्टात खेपा घालाव्या लागतात. वरच्या उदाहरणातलं पत्र मे २०२६ मध्ये त्या रांगेत येतं.

वडील वारले असतील आणि पत्र त्यांच्या नावावर असेल, तर वारसनोंद कोणाची आहे ते आधी बघा. मृत्यूचा दाखला जोडून ती व्यक्ती पैसे मागू शकते.

तारीख काढता येत नसेल तर पत्राची झेरॉक्स घेऊन सोसायटीच्या कार्यालयात या, काढून देतो. पत्राचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.