सूट न घालता अंतराळात उडी

हिंजवडीतून सुटलेली कंपनीची बस वाकडच्या पुलाशी अडकली, की मोबाइलवर मालिकेचा एक भाग सहज संपतो. ‘द एक्स्पान्स’च्या पाचव्या पर्वातला सातवा भाग पाहून आयटीतल्या एका चाहत्याची पहिली प्रतिक्रिया होती, ‘काहीही दाखवतात!’ नाओमी स्पेससूट न घालता एका यानातून दुसऱ्याकडे उडी मारते. तिचं रक्त उकळायला नको का? शरीर फुटायला नको?

नको. रक्तवाहिन्या आणि कातडी रक्ताला दाबून धरतात, त्यामुळे ते लगेच उकळत नाही. अंग सुजतं, फुटत नाही. गोठायलाही वेळ लागतो. घात होतो तो ऑक्सिजन तुटल्यामुळे. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. १९६६ मध्ये नासाच्या ह्यूस्टनमधल्या निर्वात कक्षात चाचणी सुरू असताना जिम लेब्लांक यांच्या सूटची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत ते बेशुद्ध झाले. जिभेवरची लाळ बुडबुडत असल्याचं तेवढं त्यांना नंतर आठवत होतं. कक्षात तातडीनं हवा सोडली गेली, म्हणून ते वाचले.

नाओमी उडीआधी ऑक्सिजनयुक्त रक्ताचं इंजेक्शन टोचून घेते. ही मात्र लेखकांनी करून घेतलेली सोय. पोहताना छाती भरून श्वास घ्यायची आपली सवय तिथे जिवावर बेतेल, कारण कोंडलेली हवा फुगून फुप्फुसं फाटतात. अशा उडीआधी श्वास सोडून द्यावा लागतो.