आधी श्वास, मग हात

आमच्या लहानपणी पाठीला हवाबंद डबा किंवा वाळका भोपळा, कमरेला दोर बांधायचे आणि विहिरीत ढकलायचे. ढकलणं मला आजही पटत नाही. काठावर दोर धरून उभे असलेले अब्बा मात्र पटतात.

मंडळी, आता तलावावर आईबाप पहिल्याच आठवड्यात विचारतात, "हात मारायला कधी शिकवणार?" हात नंतर. आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडणं, मग उताणं तरंगणं. घाबरलेलं पोर डोकं उचलतं, की पाय खाली गेलेच!

आणि बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड क्षणभर वर येतं, तेवढ्यात श्वासच जेमतेम घेता येतो. दुरून ते खेळतंय असंच वाटतं. म्हणून पोहता येणाऱ्या लहानग्याजवळही, हात पोचेल इतक्या अंतरावर, मोठं माणूस हवं.