तुलनेचा अधिकार : स्त्री-पुरुष भेदभावाची ओळख आणि दाद मागण्याच्या वाटा

१८८२ साली पुण्यात छापल्या गेलेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाचा विचार मराठीत बहुधा दोन अंगांनी होतो. मराठी गद्यातील एक तिखट, बोलीच्या वळणाचा आविष्कार म्हणून, आणि एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या इतिहासाचे एक साधन म्हणून. या दोन्ही दृष्टी योग्यच आहेत. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या शीर्षकातील एका शब्दाचाच विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘तुलना’.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या या लेखनाला निमित्त झाले ते सुरतेच्या एका खटल्याचे. १८८१ साली विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांतून अवघ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. ताराबाईंनी त्यावर दयेची याचना केली नाही. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, आणि असतील तर एकाला दंड व दुसऱ्याला मोकळीक का, असा त्यांचा प्रश्न होता. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हा निबंध विस्मृतीत गेला, तो १९७५ साली स. गं. मालशे यांच्या संपादनामुळे पुन्हा अभ्यासकांसमोर आला.

ताराबाईंचा हा प्रश्नच आधुनिक न्यायविचारातील भेदभावाची पहिली कसोटी होय. येथे दोन शब्दांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. स्त्री व पुरुष यांच्यात भेद आहे असे म्हणणे म्हणजे भेदभाव नव्हे. त्या भेदाचा जेथे कामाशी काही संबंध नाही, तेथे त्याचे निमित्त करून संधी, वेतन वा प्रतिष्ठा नाकारणे म्हणजे भेदभाव. संविधानाच्या १४, १५ व १६ या अनुच्छेदांनी राज्यसंस्थेला अशा वागणुकीस मनाई केली आहे. त्याचबरोबर स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा अनुच्छेद १५(३) ने दिली आहे, म्हणजे समता आणि एकसारखेपणा या एकच गोष्टी नव्हेत, हेही मान्य केले आहे.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागू होते, याचे उत्तम उदाहरण सी. बी. मुथम्मा यांच्या १९७९ सालच्या प्रकरणात मिळते. भारतीय परराष्ट्र सेवेच्या तत्कालीन नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे. आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटल्यास विवाहानंतर तिला राजीनामा देण्यास सांगता येत असे. न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारले ते इतकेच की, संसाराची जबाबदारी स्त्रीच्या कामात आड येऊ शकते, तर ती पुरुषाच्या कामात का येऊ नये? पुरुषाला स्त्रीच्या जागी बसवून पाहण्याची ही रीत आपल्या साहित्याला परकी नाही. रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ सालच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेत पुरुष पडद्यात राहतात आणि स्त्रिया राज्य चालवितात. जागांची ही अदलाबदल होताच रूढीचा अन्याय उघडा पडतो.

परंतु तुलनेलाही मर्यादा आहेत. तुलना करावयाची तर समोर समान स्थितीतील पुरुष हवा. आणि असा पुरुष समोर राहूच नये, अशी व्यवस्था करणे फारसे अवघड नसते. १९८१ च्या एअर इंडिया खटल्यात हवाईसुंदरी आणि त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी हे वेगवेगळे वर्ग आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास सेवा संपविण्याचा नियम टिकला. पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपविणारा नियम मात्र मनमानी ठरवून रद्द करण्यात आला. पुढे १९८७ साली मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाची दृष्टी अधिक खोल गेली. तेथे वरिष्ठांच्या हाताखालील स्त्री लघुलेखिकांचा वेगळा वर्ग करून त्यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन दिले जात होते. पदाला नाव कोणते दिले आहे, यापेक्षा काम सारखे आहे की नाही, हे पाहिले पाहिजे; आणि कंपनीची आर्थिक अडचण ही समान वेतन नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

याच्याही पुढची पायरी २०२१ साली आली. सैन्यात कायम नेमणूक मागणाऱ्या स्त्री अधिकाऱ्यांना लावलेला आरोग्याचा निकष वरवर पाहता सर्वांना सारखाच होता. परंतु पुरुषांची ती परीक्षा तरुण वयात होऊन गेलेली होती. स्त्रियांना मात्र, पूर्वी संधीच नाकारल्यामुळे, ती उतारवयाकडे झुकताना द्यावी लागत होती. सारखा दिसणारा नियमही असमान परिणाम घडवीत असेल तर तो भेदभावच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तुलना नियमाच्या शब्दांची नव्हे, तर त्याच्या परिणामांची करावयाची, असा याचा अर्थ.

लैंगिक छळाच्या बाबतीत तर अशा तुलनेची गरजच नाही. कारण तेथे प्रतिष्ठेचाच भंग होतो. १९९७ च्या विशाखा निर्णयाने या तत्त्वाला आधार दिला आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

आता दाद कोठे मागावी, हे पाहू. प्रथम नोंद ठेवावी : तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार, पत्रे आणि आपल्या जागी असलेल्या इतरांना मिळालेली वागणूक. तुलनेचा पुरावा येथूनच उभा राहतो. लैंगिक छळाची तक्रार, दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी, अंतर्गत समितीकडे करावी. त्याहून लहान ठिकाणी, घरकामाच्या बाबतीत, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असल्यास, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुदत तीन महिन्यांची असते. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. विद्यापीठांतील विद्यार्थिनींनाही २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी हे संरक्षण दिले आहे.

वेतन वा भरतीतील भेदभावाबद्दल श्रम खात्याकडे जाता येते. १९७६ चा समान वेतनाचा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावलेला आहे. शासकीय सेवेतील अन्यायाविरुद्ध संविधानाचा थेट आधार घेता येतो. खाजगी मालकाविरुद्ध मात्र बहुधा अशा विशिष्ट कायद्यांचाच आश्रय घ्यावा लागतो, हे विसरू नये. १९९२ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय महिला आयोग आणि राज्यांचे आयोग तक्रारीची चौकशी करू शकतात. त्यांची शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. तरी तिचे वजन असते. वकिलाचा खर्च ही अनेकींना मोठी अडचण वाटते. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य विधी साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक असून संकटकाळी महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

हे सारे साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, अडचणीत सापडलेली संशोधक विद्यार्थिनी बहुधा प्रथम वकिलाकडे जात नाही. ती आपल्या शिक्षकाकडे येते. घडले ते सांगताना तिला नेमका शब्द सापडत नसतो, आणि आपलेच काही चुकले असावे, असेही तिला वाटत असते. अशा वेळी, तिच्या जागी एखादा विद्यार्थी असता तर त्याच्याशी कोणी असे वागले असते काय, एवढा एक प्रश्न तिच्याबरोबर बसून विचारता आला, तिची हकीकत तारीखवार लिहून काढण्यास साहाय्य करता आले आणि तीन महिन्यांची मुदत टळून जाण्यापूर्वी तिला योग्य दारापर्यंत नेता आले, तर ‘स्त्रीपुरुषतुलना’ आपण खऱ्या अर्थाने वाचली, असे म्हणता येईल.