भोसरी ते पवई, व्हाया टायटॅनियम

पहाटे ५.३०. पवईहून पुण्याची बस. बाईंच्या पिशवीत सेफ्टी शूज, भिंग, मार्कर, प्लास्टिकच्या रिकाम्या डब्या आणि पोळी-भाजी. आयआयटी मुंबईत विमान उद्योगासाठी संशोधन करणारं केंद्र आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग, बोइंग आणि आयआयटी यांनी मिळून उभं केलेलं. बाई तिथल्या प्रकल्पावर आहेत. कारखान्याची अडचण प्राध्यापकांपर्यंत न्यायची, हे त्यांचं काम. नेमणूक प्रकल्प चालेल तेवढीच.

९.१५. भोसरी एमआयडीसी. वाकडहून रिक्षा केली. ऑपरेटर काका मशीन थांबवतात. "मॅडम, हे बघा. अर्ध्या तासात धार गेली."

तळहातावर नखाएवढं, धातू कापणारं कार्बाइडचं इन्सर्ट. किंमत काही शे रुपये, धारा चार. जॉब टायटॅनियमचा: ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम. हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती धारेवरच साठते. म्हणून वेग मिनिटाला ५०-६० मीटरच. आणखी कमी केला तर इन्सर्ट टिकतं, पण जॉबला वेळ लागतो आणि पैसे जॉबमागे मिळतात. धार मध्येच तुटली तर जॉबच रिजेक्ट. खरं नुकसान तिथे आहे.

बाई मशीनशेजारी स्टूल ओढतात. फीड, कूलंटचा दाब, नोजल कुठे वळलंय, सगळं वहीत. प्रत्येक धारेला मार्करने नंबर, प्रत्येक इन्सर्टला वेगळी डबी. टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो आणि पाण्याने आग भडकते, म्हणून कोपऱ्यात कोरड्या वाळूची बादली. तिचीही नोंद.

१२.१५. मालक चहा मागवतात. "तुमच्या तिथल्या पोराला पाच वर्षांनी पीएचडी मिळेल. मला माल पुढच्या महिन्यात द्यायचाय." बाई शब्द देत नाहीत. ड्रॉइंगही मागत नाहीत, ते गिऱ्हाइकाचं. कापून उरलेले दोन तुकडे तेवढे घेतात.

४.३०. पवई. सूक्ष्मदर्शकाखाली तीन नंबरची धार. ती घासलेली नाही. टायटॅनियम तिला चिकटलंय आणि निघताना कार्बाइडचा टवका घेऊन गेलंय. प्राध्यापक सर विचारतात, "कूलंटचा दाब किती होता?" वही उघडते.

पुढचा तास दिवसातला सगळ्यांत मोलाचा. सरांना इन्सर्टवरच्या लेपाच्या रसायनात रस आहे. तो प्रबंधाचा विषय, काही वर्षांचा. नोजलचा कोन दोन आठवड्यांत तपासता येईल. बाई दोन कागद करतात, दोन्हींवर विद्यार्थ्यांची नावं घालून घेतात. नोजलचा कागद आधी पुढे सरकवतात.

७.००. खर्चाचं व्हाउचर. बसचं तिकीट जोडलं. रिक्षाला पावती नाही, तिथे स्वतःची सही. मग भोसरीला फोन.

"काका, आमचं तपासून व्हायला दोन आठवडे लागतील. तोवर निघालेलं एकही इन्सर्ट भंगारात टाकू नका. नंबर घाला."

"डब्या संपल्यात, मॅडम."

"कुरिअरने पाठवते."